किलोमीटर मोजले, तास कोण मोजणार?

सहलीहून परतलेली मिनीबस सोसायटीच्या फाटकाशी थांबली, की सामान उतरवण्याच्या गडबडीत चालक एक छापील कागद पुढे करतो आणि सही मागतो. त्याला ‘ड्यूटी स्लिप’ म्हणतात. निघताना मीटरवर किती किलोमीटर होते, परतल्यावर किती झाले, टोल किती, पार्किंग किती, चालकाचा भत्ता किती, हे सारे त्यावर असते. किलोमीटरचा आकडा आपण चष्मा लावून तपासतो. दहा-पंधराचा फरक दिसला तर हुज्जत घालतो. गाडी किती वाजता निघाली आणि किती वाजता परत आली, हेही त्या कागदावर बहुधा असते, कारण त्यावर पैसे अवलंबून असतात. एवढ्या बारकाईने भरलेल्या त्या कागदावर एका गोष्टीला मात्र रकाना नसतो. ही गाडी चालवणारा माणूस निघण्यापूर्वी किती तास झोपला होता?

आमच्या नात्यागोत्यात सहल ठरवायचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे येते. कधी कुलदैवताचे दर्शन, कधी लग्नाचे वऱ्हाड, कधी मुलांना सुटी लागली म्हणून कोकण. त्यामुळे मिनीबसच्या मालकांशी आणि चालकांशी बोलण्याचे प्रसंग मला वारंवार येतात. या बोलण्यांतून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि तेच आज वाचकांपुढे मांडायचे आहे. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी आपण गाडीची नोंद ठेवतो, रस्त्याची ठेवतो, वेगाची ठेवतो. नोंद राहते ती फक्त माणसाच्या तासांची. आणि ज्या छोट्या प्रवासी गाड्यांत आपली कुटुंबेच्या कुटुंबे बसतात, तिथे ही नोंद ठेवणारी यंत्रणा सर्वांत दुबळी आहे.

मोठ्या गाड्यांचे तसे नाही. एस.टी.च्या चालकाला आगार असते, ड्यूटी लावणारा माणूस असतो, गाडी सुटल्या-पोहोचल्याची नोंद असते, मुक्कामी गाडीच्या चालकाला रात्र कुठे काढायची हे ठाऊक असते. त्या व्यवस्थेच्याही तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण तक्रार करायला तिथे कागद तरी असतो. १२ किंवा १७ आसनांच्या मिनीबसचा मालक म्हणजे बहुधा एक-दोन गाड्यांचा धनी. एक गाडी तो स्वतः चालवतो, दुसरीवर गावाकडचा मुलगा ठेवतो, आणि हंगामात गाडी जास्त पळू लागली की ‘बदली’ चालक बोलावतो. आगार म्हणजे घरासमोरची मोकळी जागा, आणि ड्यूटी लावणारा अधिकारी म्हणजे मालकाच्या खिशातला मोबाईल.

या गाडीचा एक नेहमीचा फेरा घेऊ. पुण्याहून दोन दिवसांत अष्टविनायक. एकूण अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर. पहिल्या दिवशी मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव करून मुक्कामाला ओझर. दुसऱ्या दिवशी लेण्याद्री, मग घाट उतरून महड आणि पाली, आणि रात्री पुन्हा पुणे. आपल्या दृष्टीने सहल पहाटे पाचला सुरू होते. चालकाच्या दृष्टीने ती साडेतीनलाच सुरू झालेली असते. उठायचे, गाडी धुवायची, डिझेल भरायचे, मग कुणाला धनकवडीतून, कुणाला कोथरूडमधून, तर कुणाला थेट पिंपरीतून उचलायचे. रात्री साडेनऊला ओझरला पोहोचलो, तर त्या वेळी तो १८ तास जागा असतो. आपण खोल्या ताब्यात घेतो, जेवतो, पंखा नीट चालत नाही म्हणून व्यवस्थापकाला बोलावतो. तो गाडी लावतो, काचा पुसतो आणि मधल्या लांब सीटवर आडवा होतो. अकराला झोपला आणि साडेचारला उठला, तर साडेपाच तास. दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा पुण्यात परतल्यावर, तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेची किंवा कंपनीची पाळी असतेच.

लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. माझे गुडघे हल्ली त्यांना नकार देतात, म्हणून गेल्या खेपेला मी खालीच थांबलो आणि आमच्या चालकाशी गप्पा मारत बसलो. तिशीतला, सांगलीकडचा मुलगा. मी म्हटले, “आता दीड-दोन तास मोकळे आहात, जरा पडा की.”

तो हसला. म्हणाला, “थांबणं म्हणजे झोपणं नव्हे, काका. डोळा लागतो न लागतो तोच पार्किंगवाला गाडी पुढं घ्या म्हणतो. कुणीतरी बॅगेतली औषधं विसरलेलं असतं. पोरं लवकर उतरली की एसी लावा म्हणतात. मालकाचा फोन असतोच, कुठवर आलास म्हणून. दिवसभर बसून असतो म्हणता, पण ते बसणं माझं नसतंय.”

ते शेवटचे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. कामाचे तास म्हणजे काय, याची कायद्यातली सगळी भवति न भवति शेवटी या एका वाक्यापाशीच येऊन थांबते.

झोपेचे हे प्रकरण केवळ जांभयांचे नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक साधी तुलना प्रसिद्ध केली. काही माणसांना जागे ठेवून आणि पुढे त्यांनाच मद्य देऊन त्यांनी हाता-डोळ्यांच्या समन्वयाची चाचणी घेतली. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरली होती. आपल्या मोटार वाहन कायद्याने चालकासाठी घातलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे साडेतीनला उठून रात्री साडेनऊला ओझरच्या वळणावर गाडी घालणारा निर्व्यसनी, माळकरी चालकसुद्धा, या तुलनेने पाहिले तर, दारूची मर्यादा ओलांडलेल्या माणसासारखा गाडी हाकत असतो. फरक एवढाच, की दारू तोंडाला नळी लावून पकडता येते. जागरण पकडणारी नळी नाही. जागरण फक्त वहीत पकडता येते.

मग वही ठेवा असे कायदा सांगत नाही का? हा भाग थोडा रूक्ष आहे, पण वाचकांनी तो सोडू नये, कारण खरी मेख इथेच आहे.

१९६१ मध्ये संसदेने मोटार परिवहन कामगार कायदा केला. त्यात चालकासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. लांबच्या मार्गांवर किंवा सणासुदीला, मंजुरी घेऊन, ती दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत नेता येत होती. सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती, विश्रांती धरून कामाचा पसारा १२ तासांच्या वर नाही, आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ९ तासांची सुट्टी. पासष्ट वर्षांपूर्वी कुणीतरी किती समंजसपणे विचार केला होता, असे ही कलमे वाचताना वाटते. आमच्या अष्टविनायकाच्या फेऱ्यात यातले एकही कलम शाबूत राहत नाही.

पण तो कायदा लागू कुणाला होता? ज्याच्याकडे पाच किंवा अधिक परिवहन कामगार आहेत त्याला. राज्य सरकारला अधिसूचना काढून ही मर्यादा खाली आणण्याची मुभा होती, पण मूळ दार पाचाचे होते. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयक संहितेत विलीन झाला, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दिवसाचे ८ तास तिच्यातही आहेत. मात्र मोटार परिवहन व्यवसायासाठी पाचाचे दार आता दहाचे झाले. म्हणजे कायदा आधी मालकाकडची माणसे मोजतो, आणि ती पुरेशी भरली तरच चालकाचे तास मोजायला बसतो. दोन गाड्या आणि तीन चालक असलेला आपला मिनीबसवाला पाचाच्या दारातही मावत नव्हता. दहाच्या दारापासून तर तो कोसभर दूर आहे. गाडीत बसणाऱ्या आजीला मात्र मालकाकडे किती नोकर आहेत याने काय फरक पडतो? तिच्यापुढे चालक एकच असतो.

इथे कुणी जाणकार म्हणेल, की मोटार वाहन कायदा विसरलात. विसरलो नाही. १९८८ च्या त्या कायद्यातले ९१ वे कलम परिवहन वाहन चालवणाऱ्या कोणत्याही व्यक्तीच्या तासांबद्दल बोलते, आणि तास किती, यासाठी १९६१ च्या कायद्याकडे बोट दाखवते. तेव्हा मर्यादा कागदावर छोट्या गाडीलाही आहे. पण नोंदीबद्दल हेच कलम काय म्हणते पाहा. कामाचे तास आधी ठरवून घ्यायला राज्य सरकार मालकांना सांगू शकते, आणि अशा ‘ठरवलेल्या’ तासांच्या नोंदीची व्यवस्था करू शकते. ‘शकते’ हा एक शब्द आणि ‘ठरवलेले’ हा दुसरा, या दोन शब्दांतून सगळे पाणी गळून जाते. सोमवारी काय ठरले होते याची वही ठेवून काय उपयोग? सोमवारी प्रत्यक्षात काय झाले, याची वही हवी. बाकी हजेरी, नोंदवह्या आणि तपासणी हा सारा संसार कामगार कायद्याच्या पोटात, आणि तिथे दारावर दहाचा पहारा.

याच कलमात आणखी एक उपकलम आहे. चालक प्रत्यक्ष काम करत नसेल, पण त्याला गाडीत किंवा गाडीजवळ थांबावे लागत असेल, तर असा वेळ कोणत्या परिस्थितीत विश्रांती समजायचा, हे राज्य सरकार ठरवू शकते. लेण्याद्रीच्या पायथ्याशी आमचा चालक जे सांगत होता, तो प्रश्न नेमका हा. दर्शनाच्या रांगेत आपण तीन तास असतो. ते तीन तास त्याची विश्रांती की त्याचे काम? आपण म्हणतो विश्रांती, मालक म्हणतो विश्रांती, आणि रात्री घाटात त्याचे डोळे म्हणतात, काम.

सरकार आणि न्यायालय यांना या प्रश्नाची जाणीव नाही असे मुळीच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये, वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरले पाहिजेत, असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये चालकांच्या तासांच्या तरतुदी अमलात आणण्याच्या दृष्टीने राज्यांच्या बैठका घ्यायला केंद्राला सांगितले. हे स्वागतार्हच आहे. पण चर्चा सुरू झाली की ती ट्रकवर जाते, फार तर रात्रीच्या स्लीपर बसवर. १७ आसनी गाडी ना ट्रक, ना बस. ती कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही.

“आता प्रत्येक गाडीत जीपीएस आहे, आणखी वही कशाला?” असे एका मालकाने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या प्रवासी वाहनांना स्थान दाखवणारे यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटण सक्तीचे झाले. गाडी कुठे आहे, किती वेळ धावली, किती वेळ उभी राहिली, हे त्या यंत्राला कळते. पण यंत्र गाडीला जोडलेले आहे, माणसाला नाही. गाडी रात्रभर धावली आणि दोन चालकांनी आलटून पालटून चालवली, तर काही बिघडत नाही. उलट गाडी दिवसाला सहाच तास धावली, पण तिचा चालक सकाळी शाळेची व्हॅन, दुपारी कंपनीची बस आणि रात्री विमानतळाची फेरी अशा तीन मालकांच्या तीन गाड्या चालवून आला असेल, तर तीनही यंत्रे आपापल्या जागी ‘सर्व ठीक’ असेच सांगतील. थकवा गाडी बदलली म्हणून उतरत नाही.

युरोपने ही गाठ कशी सोडवली, ते पाहण्यासारखे आहे. तिथे टॅकोग्राफ नावाचे यंत्र गाडीत बसवतात. चालकासह नऊपेक्षा जास्त माणसे नेणाऱ्या गाडीला हे नियम लागू होतात. पन्नास किलोमीटरपर्यंतच्या ठरावीक मार्गांसारखे काही अपवाद सोडले, तर भाड्याने जाणारी आपली १७ आसनी गाडी तिथे नियमात बसली असती. मोजले जातात ते आसन, मालकाचे नोकर नव्हेत. मुख्य म्हणजे, डिजिटल टॅकोग्राफमध्ये चालकाच्या नावाचे एक कार्ड असते. गाडी बदलली तरी कार्ड त्याच्यासोबत जाते आणि तास त्याच्या नावावर साठत जातात. यंत्रावर चार खुणा असतात. चाक म्हणजे गाडी चालवणे, एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे म्हणजे इतर काम, तिरपी रेघ मारलेला चौकोन म्हणजे हजर पण थांबलेला, आणि पलंग म्हणजे विश्रांती. थांबणे आणि झोपणे यांना तिथे वेगवेगळी चिन्हे आहेत. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटे थांबायचे, दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त चालवायचे नाही आणि आठवड्यातून दोनदाच १० तासांपर्यंत जायचे, रोजची विश्रांती साधारण ११ तासांची. मालक स्वतः चालवत असला तरी त्यालाही हेच.

हे तिथेही गोडीगुलाबीने झालेले नाही. युरोपीय समुदायाने १९७० मध्ये टॅकोग्राफचा नियम केला, तेव्हा ब्रिटनमधल्या चालकांनी त्याला ‘गाडीतला हेर’ म्हणून हिणवले. ब्रिटिश सरकारही चालढकल करत राहिले, आणि शेवटी १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. आज त्या हेराची बाजू घ्यायला चालकच पुढे येतील, कारण मालकाने आणखी एक फेरी मार म्हटले, तर नकार द्यायला त्यांच्या हातात पुरावा असतो. नोंद ही चालकावर पाळत नसून त्याची ढाल होऊ शकते, हे मला या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा, की वह्या खोट्या भरल्या जातील. जातील. अमेरिकेत ट्रकचालक आपल्या कागदी नोंदवह्यांना ‘कॉमिक बुक’ म्हणत, इतक्या त्या काल्पनिक असत. म्हणूनच डिसेंबर २०१७ पासून तिथे इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. पण आपल्याकडे खोट्या नोंदीला पकडणारे साक्षीदार आयते उभे आहेत. फास्टॅगचा टोल, डिझेलची पावती, गाडीतला जीपीएस आणि पैशांसाठी भरलेली ड्यूटी स्लिप. वही एकटी असेल तर ती खोटे बोलेल. चार कागदांच्या शेजारी ठेवली, तर तिला जपून बोलावे लागेल.

दुसरा आक्षेप मालकांचा, आणि तो मला जास्त खरा वाटतो. “अजून एक वही म्हणजे नाक्यावर अजून एक कारण,” असे ते म्हणतात. रात्री दोन वाजता, गाडीत झोपलेली लेकरे, आणि टॉर्चच्या उजेडात कुणीतरी वहीतला रकाना चुकला म्हणून गाडी बाजूला घ्यायला सांगतो आहे, हे चित्र कुणाला हवे आहे? म्हणून तपासणी रस्त्यावर नको. ती मालकाच्या पत्त्यावर, दिवसा, महिन्याभराचे कागद एकत्र लावून व्हावी. आणि दंड व्हायचा तो आधी मालकाला व्हावा, चालकाला नव्हे.

तिसरा आक्षेप चालकांचा आहे. महिन्याचा पगार तुटपुंजा, खरी मिळकत भत्त्याची, आणि भत्ता फेरीमागे. तास कमी केले तर घर कसे चालवायचे? याला नुसत्या नियमाने उत्तर देता येत नाही. पण एवढे मात्र म्हणता येईल, की आपण चालकाला जागरणाचे पैसे देतो आणि झोपेचे देत नाही. दोन चालकांचा खर्च आपल्याला महाग वाटतो. हिशेब करून पाहा. १५ माणसांच्या सहलीत दुसऱ्या चालकाचा दोन दिवसांचा खर्च माणशी वाटला, तर तो वाटेतल्या एका जेवणाच्या बिलाच्या आसपास येतो.

माझे मागणे फार मोठे नाही. टॅकोग्राफ उद्याच बसवा असे मी म्हणत नाही. दोन गाड्यांच्या मालकाला तो परवडणारही नाही. पण चालकाच्या परवान्याच्या क्रमांकाला जोडलेली एक साधी वही, किंवा मोबाईलवरची नोंद, आज शक्य आहे. ती मालकाची नसावी, चालकाची असावी, आणि मालक बदलला तरी त्याच्याबरोबर जावी. तिच्यात चारच गोष्टी असाव्यात : काम कधी सुरू झाले, गाडी किती वेळ चालवली, थांबून किती वेळ काढला, आणि पाठ टेकून किती वेळ मिळाला. ड्यूटी स्लिपवर यातली शेवटची ओळ छापून ग्राहकाला द्यावी. कलम ९१ मधले ‘शकते’ राज्य सरकारने एकदा ‘करते’ असे करावे, आणि विश्रांतीची व्याख्या करताना एवढेच विचारावे, की चालकाला गाडीपासून दूर आडवे व्हायला जागा होती का? देवस्थानांनी भक्तनिवासात चालकांसाठी एक खोली राखली, तरी अर्धा प्रश्न सुटेल. काही ठिकाणी अशी सोय आहे. ती उपकार म्हणून नव्हे, नियम म्हणून हवी.

आणि आपण? युरोपच्या नियमांत मला एक कलम फार आवडले. वेळापत्रक असे आखले पाहिजे की चालकाला तासांचा नियम पाळता येईल, ही जबाबदारी तिथे केवळ गाडीमालकावर टाकलेली नाही, सहल आखणाऱ्या कंपनीवरही टाकलेली आहे. आपल्याकडे सहल आखतो कोण? आपणच. “एका दिवसात होऊन जाईल”, “रात्री निघू, म्हणजे दिवस वाया जात नाही”, “परतताना नारायणगाव करूनच जाऊ”, ही वाक्ये मालकाच्या तोंडची नाहीत, घरच्या दिवाणखान्यातली आहेत. रात्रीच्या प्रवासाने एका मुक्कामाचे भाडे वाचते, हे आपण कौतुकाने सांगतो. ते भाडे कुणाच्या झोपेतून वाचले, हे सांगत नाही.

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर, समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ, सैलानी बाबांच्या दर्ग्याचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणारी एक मिनीबस ट्रकवर मागून आदळली. १२ जण गेले. तो ट्रक रस्त्यावर का थांबला होता, थांबवला कुणी, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. गाडीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे होती, हेही आपण वाचले. चालकाला डुलकी लागली होती असे मी सुचवत नाही. मी म्हणतो ते वेगळे आहे. अशा प्रत्येक अपघातानंतर टायर तपासतात, ब्रेक तपासतात, वेग काढतात, रक्त तपासतात. त्या दिवशी चालक किती वाजल्यापासून कामावर होता, या प्रश्नाचे उत्तर देणारा कागद छोट्या गाडीच्या बाबतीत पुढे येत नाही. मग ते उत्तर कुणाच्या तरी आठवणीवर आणि कुणाच्या तरी सोयीवर सोडले जाते.

कायदा अपघातानंतर मात्र खडबडून जागा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत गेली. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या पोटकलमावरून जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी गाड्या थांबवल्या, आणि ते पोटकलम अजून बाजूला ठेवलेले आहे. त्या वादात कोण बरोबर होते, हा आजचा विषय नाही. पण चालकाच्या चुकीची वर्षे मोजायला आपल्याकडे इतके काटेकोर माप आहे, आणि त्याच्या जागरणाचे तास मोजायला काहीच नाही, हे न्यायाचे लक्षण नव्हे. ज्याच्या थकव्याची नोंद आपण कधी ठेवली नाही, त्याला थकल्याबद्दल तुरुंगात पाठवण्याचा आपला हक्क थोडा उणाच पडतो.

नियम होतील तेव्हा होतील. दिवाळीच्या सुटीच्या गाड्या आता ठरू लागतील. गाडी ठरवताना आपण एसी आहे का, पुशबॅक सीट आहेत का, किलोमीटरला दर काय, हे विचारतोच. त्यात तीन प्रश्न आणखी घालावेत. आदल्या रात्री हा चालक कुठल्या ड्यूटीवर असेल? मुक्कामाच्या ठिकाणी तो झोपणार कुठे? आणि रात्री दहानंतर गाडी चालणार असेल, तर दुसरा चालक आहे का? मालक पहिल्यांदा गोंधळेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्याला तो न विचारता सांगेल. आणि मुक्कामाच्या खोल्या सांगताना एक खोली चालकासाठी सांगावी. तिचे भाडे सहलीच्या खर्चात धरावे, भत्त्यातून कापू नये.